चेंडू जवळ ठेवायचा नाही

दिवसाची कामं आटोपली असतील तर जरा बसा. पाटावर, खुर्चीवर, ओट्यावर, जिथं रोज बसता तिथं. पायातल्या चपला तेवढ्या काढून ठेवा, कारण आजचं मनन पायांपासून सुरू करायचं आहे. दोन्ही तळवे जमिनीला टेकवा. फरशी थंड आहे की कोमट, एवढंच बघा. श्वास मुद्दाम लांबवू नका, तो चालला आहे तसा चालू द्या.

आता आपल्या गावाकडे बघा. बसवकल्याणला माणसं लक्षात ठेवायची फार जुनी सवय आहे. इथं चालुक्यांची राजधानी होती. सहावा विक्रमादित्य झाला, त्याच्या पदरी बिल्हणासारखा कवी होता, विज्ञानेश्वराची मिताक्षरा इथलीच. ही नावं पुस्तकात आहेत. त्रिपुरांत तळ्याच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी येतात ती नावं मात्र वेगळी आहेत. दोर वळणारा नुलिय चंदय्या. कपडे धुणारा मडिवाळ माचय्या. नाव वल्हवणारा अंबिगर चौडय्या. लाकडाच्या मोळ्या विकणारा मोळिगे मारय्या. जोडे शिवणारा हरळय्या. राजांची आठवण राहिली ती त्यांनी काय जिंकलं यावरून. बसवण्णांभोवतीच्या या शरणांची राहिली ती दिवसभर त्यांचे हात कशात गुंतलेले असत यावरून.

आज एका फुटबॉलच्या माणसाला याच रीतीने आठवायचं आहे. त्याने काय जिंकलं ते सांगायला दोन ओळी पुरतील. तो रोज काय करत होता, तिथं थांबायचं आहे.

त्याचं नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादेत सगळे रहीम साब म्हणायचे. जन्म १७ ऑगस्ट १९०९, मृत्यू ११ जून १९६३. जिंकलं ते असं: १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आणि १९६२ साली जकार्तात पुन्हा सुवर्णपदक. तिन्ही वेळा भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक तेच होते. दोन ओळी संपल्या.

तुम्ही म्हणाल, हा हैदराबादचा माणूस, कल्याणने त्याला का आठवायचं? त्याचा जन्म झाला तेव्हा कल्याणी ही निजामाच्या राज्यातली जहागीर होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली, तरी हैदराबाद राज्य तसंच राहिलं. ते मोडलं १ नोव्हेंबर १९५६ ला. बीदर आणि गुलबर्गा म्हैसूरकडे गेले, उस्मानाबाद, नांदेड, बीड, परभणी, औरंगाबाद मुंबई राज्यात गेले, तेलुगू मुलूख आंध्रात गेला. म्हणजे रहीम साबच्या आयुष्यातली सत्तेचाळीस वर्षं त्यांचं गाव आणि आपलं गाव एकाच राज्यात होतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत उर्दू अशी आपल्या आजोबांची जी दुनिया होती, ती त्याच राज्यातली. सीमा बदलली म्हणून आठवणीही वाटून घ्यायच्या असतात असं काही नाही.

थोडं थांबा. तुमच्या घरातल्या कुणाची शाळा हैदराबाद राज्यातली होती? ज्यांची होती, त्यांचा चेहरा समोर आणा. त्याच चेहऱ्याच्या वयाचा एक मास्तर आता आपल्याला बघायचा आहे.

रहीम साब मुळात शिक्षक. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, शिवाय शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेले. काचिगुडा, चादरघाट अशा हैदराबादच्या शाळांमधून त्यांनी शिकवलं. १९४० च्या दशकात सिटी पोलीसच्या फुटबॉल संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि ती शेवटपर्यंत राहिली. या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. मुंबईच्या लोकांनी पाच वर्षं पाहिलं ते शेवटचं फळ. फळाआधी पोलीस खात्यातले शिपाई होते, धुळीचं मैदान होतं, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा, आवाज न चढवणारा एक मास्तर होता.

तुमच्या मास्तरांपैकी एकाला आठवा. त्यांनी शिकवलेला धडा आठवत नसेल तरी हरकत नाही. ते फळ्यापाशी कसे उभे राहायचे, वही तपासताना पान कसं उलटायचे, ते आठवतं का बघा. शिकवलेलं आपण विसरतो आणि शिकवण्याची ढब लक्षात राहते. ती ढब आता थोडा वेळ समोर राहू द्या.

आता पुन्हा पायांकडे या.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना युगोस्लाव्हियाशी झाला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत. उत्तरेतल्या त्या थंड हवेत आपण १० विरुद्ध १ असे हरलो. तो एक गोल बंगळुरूच्या अहमद खान यांचा. त्या पराभवानंतर भारतीय खेळाडूंना बूट सक्तीचे झाले. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते, पण ज्याचं सगळं कौशल्य अनवाणी पायात आहे त्याच्या बाजूने बघा. अंगठ्याला, तळव्याला, घोट्याच्या आतल्या बाजूला चेंडूची ओळख होती. आता मध्ये कातडं आलं. जे येत होतं ते नव्याने शिकायचं, आणि तेही भरल्या वयात, लोकांसमोर.

जोड्यांचा विषय निघाला की कल्याणच्या माणसाला हरळय्या आठवतोच. आख्यायिका तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यात हरळय्याने बसवण्णांना नमस्कार केला, बसवण्णांनी उलट दोनदा केला. तो जादा नमस्कार हरळय्याच्या मनाला लागून राहिला. ते ऋण फेडायला त्याने आणि कल्याणम्माने आपल्या मांडीचं कातडं काढून जोडे शिवले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्यावर घेतले. ही कथा खरी की खोटी याचा निकाल आज लावायचा नाही. तिच्यातली एकच गोष्ट घ्या. जे आपल्या पायाखाली असतं त्याच्यामागे कुणाचं तरी अंग झिजलेलं असतं, आणि ते ज्याला दिसतं तो पायातली वस्तू डोक्यावर घेतो.

प्रशिक्षकाचं काम असंच पायाखालचं आहे. गोल मारणारा दिसतो. त्याच्या पायाला बुटात वावरायला कुणी शिकवलं ते दिसत नाही. तुमच्या पायाखाली आज जे जे घट्ट आहे, नोकरी, भाषा, हातातलं कसब, त्यातलं एक निवडा. ते कुणी शिवलं? नाव आठवेपर्यंत घाई करू नका.

आता उठून उभे राहा. आपल्यापैकी बहुतेकांचा जोर उजव्या पायावर असतो. तो पाय जरासा उचला आणि सगळं वजन डाव्यावर घ्या. घोटा थरथरेल. पायाची बोटं जमीन पकडायला धडपडतील. डावखुरे असाल तर उलट करा. पडाल असं वाटलं तर भिंतीला हात लावा, त्यात कमीपणा नाही.

हैदराबादेत रहीम साबनी पोरांसाठी ज्या वेगवेगळ्या तऱ्हेच्या स्पर्धा भरवल्या, त्यातली एक अशी होती की चेंडू फक्त कमजोर पायानेच खेळायचा. ज्याचा उजवा पाय तरबेज, त्याने डाव्याने. मैदानावर काय होत असेल बघा. गल्लीतला सगळ्यात हुशार पोरगा अडखळतोय. जो नेहमी मागे राहतो तो आज त्याच्या बरोबरीला आहे, कारण दोघेही नवशिके. सगळ्यांची फजिती एकदमच होते, म्हणून कुणाचीच होत नाही. आणि महिनाभराने पोरांना दोन पाय असतात.

आपण आयुष्यभर जोराच्या पायावर उभे राहतो. ज्याला बोलता येतं तो बोलून निभावतो, ज्याला हिशोब जमतो तो हिशोबाआड लपतो. तुमचा कमजोर पाय कोणता? माफी मागणं असेल, ऐकून घेणं असेल, कुणाकडून मदत घेणं असेल. त्याला दोष देऊ नका. त्याच्यावर फक्त थोडा वेळ वजन ठेवा. आणि आता दोन्ही पाय टेकवून खाली बसा.

रहीम साबची दुसरी एक स्पर्धा होती, आणि या मननाचा गाभा तिच्यात आहे. तिचा नियम असा की चेंडू पायात खेळवत पळायचं नाही. ड्रिबल बंद. चेंडू आला की थांबवायचा आणि दुसऱ्याला द्यायचा.

गल्लीत फुटबॉल खेळलेल्या कुणालाही विचारा, खेळातली सगळी मजा चेंडू पायात ठेवण्यात असते. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, कडेला उभी असलेली पोरं ओरडली, त्या ओरडण्यासाठी तर खेळायचं. मास्तरांनी नेमकी तीच गोष्ट काढून घेतली. आता पोराला चेंडू येण्याआधीच मान वर करून बघावं लागणार, आपला कोण कुठं उभा आहे. चेंडू पायात असताना खाली बघणारा पोरगा चेंडू नसताना सगळं मैदान बघायला शिकतो.

अनुभव मंटपात, शरणांच्या त्या सभेत, बाराव्या शतकात जे सांगितलं गेलं त्यातल्या दोन गोष्टी कल्याणच्या लेकरालाही पाठ आहेत, कायक आणि दासोह. आपल्या कष्टाने मिळवायचं, आणि मिळालेलं आपल्याजवळ साठवून न ठेवता पुढे द्यायचं. पहिली गोष्ट आपण भिंतींवर लिहितो. दुसरी जड जाते. कष्टाचं कौतुक होतं, द्यायला गेलं की हातातलं कमी होतं. रहीम साबनी शरणांची वचनं वाचली होती असं कुणी म्हणणार नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. जे मंटपात बोलून पटवलं गेलं ते त्यांनी मैदानावर नियम करून पायांच्या गळी उतरवलं.

त्यांच्या स्वतःच्या वागण्यात ते कसं होतं, त्याची दोन उदाहरणं जवळून बघा.

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा गरीब घरचा पोरगा. त्याचा खेळ रहीम साबच्या नजरेत भरला. सरावाला यायचं तर अंतर लांब आणि खिशात पैसे नाहीत. सायकलच्या भाड्याची सोय रहीम साबनी केली, असं बलराम पुढे सांगत. तो पोरगा मेलबर्नला गेला, रोमला गेला, जकार्तात सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. २०२३ च्या फेब्रुवारीत बलराम गेले, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी त्यांना भारताच्या सगळ्यात मोठ्या फुटबॉलपटूंमध्ये मोजलं.

दुसरं उदाहरण त्यांच्या घरातलं. मुलगा सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी भारतीय संघात होता. प्रशिक्षक वडील. भारत हंगेरीशी १-२ असा हरला, फ्रान्सशी १-१ बरोबरीत सुटला, पेरूशी १-३ असा हरला. या तिन्ही सामन्यांत हकीमना मैदानात उतरायला मिळालं नाही.

बाहेरच्या पोराला सायकल आणि घरच्या पोराला बाक. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा आणि त्यावर लगेच मत देऊ नका. वडील म्हणून ते बरोबर होते का, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या. दुसऱ्यांदा वाचा आणि त्या बाकावर बसून बघा. मग उठून प्रशिक्षकाच्या जागी उभे राहा. दोन्ही जागा अवघड आहेत.

आता मेलबर्न. तारीख १ डिसेंबर १९५६. बरोबर एक महिना झाला होता हैदराबाद राज्य नकाशावरून पुसलं गेलं त्याला. इकडे आपल्या तालुक्यात कचेरीच्या पाट्या आणि कागदांवरची भाषा बदलू लागली होती, आणि तिकडे त्या मोडलेल्या राज्यातला एक मास्तर समुद्रापार मैदानाच्या कडेला उभा होता. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. तीन गोल नेव्हिल डिसूझांचे, मूळ गोव्यातल्या आसगावचे आणि मुंबईत खेळणारे. चौथा किट्टूचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे डिसूझा पहिले आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत पहिला आशियाई संघ. पुढे गाठ पडली ती त्याच युगोस्लाव्हियाशी. त्या सामन्यात आधी गोल केला तो भारताने, डिसूझांनीच. शेवटी आपण १-४ ने हरलो. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणाऱ्या संघाला काही मिनिटं का होईना, मागे टाकलं होतं.

मुंबईत वांद्र्याला डिसूझांच्या नावाचं फुटबॉल मैदान आहे, आणि असायलाच हवं. गोल करणाऱ्याचं नाव मैदानाला मिळतं. पण त्या तीन गोलांच्या आधी चेंडू किती पायांतून आला असेल, ते डोळे मिटून एकदा उलट बघत जा. जाळं, डिसूझांचा पाय, त्याआधी दुसरा कुणी, त्याआधी तिसरा, मागे मागे जात हैदराबादच्या त्या मैदानापर्यंत, जिथं एक मास्तर पोरांना म्हणत होता की चेंडू जवळ ठेवायचा नाही.

आणि जकार्ता. १९६२. भारतीय प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी इस्राएल आणि तैवानला वगळल्याबद्दल इंडोनेशियाला जाब विचारला होता, म्हणून तिथले प्रेक्षक आपल्यावर चिडलेले. भारत खेळायला उतरला की हुर्यो व्हायची. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, आणि ०-२ अशी हार. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम साब स्वतः आजारी होते. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूंना झोप लागेना, तेव्हा हा मास्तर त्यांच्याबरोबर फिरत राहिला, असं त्या संघातले खेळाडू पुढे सांगत असत.

जखमी जर्नेल सिंगचं काय करायचं? टाके पडलेल्या डोक्याने बचाव करणं अवघड. रहीम साबनी त्याला घरी बसवलं नाही, पुढे आक्रमणात नेलं. ४ सप्टेंबरला सेनायन मैदानावर लाखभर लोकांसमोर भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंगचा. त्या संघात गोलात पीटर थंगराज, पुढे युसुफ खान आणि बलराम, तिघेही हैदराबादी. मधल्या फळीत फॉर्च्युनाटो फ्रँको, गोव्यातल्या कोलवाळचे. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते.

त्या सुवर्णानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, कर्करोगाने रहीम साब गेले. वय त्रेपन्न. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही. १९७० साली बँकॉकला कांस्य मिळालं, तेव्हा कर्णधार होते सय्यद नईमुद्दीन, तेही हैदराबादचेच. मास्तरांनी दिलेला चेंडू काही वर्षं फिरत राहिला. मग कुठं थांबला, याची चर्चा करणारे पुष्कळ आहेत. आपण त्या चर्चेत आज शिरायचं नाही.

२०२४ साली अजय देवगणने 'मैदान' या चित्रपटात रहीम साबचं काम केलं आणि साठ वर्षांनी नव्या पिढीला हे नाव कळलं. हैदराबादच्या जुन्या माणसांना ते सांगावं लागलं नव्हतं. आणि आपल्या भागाशी त्या घराचा एक धागा आहे. रोमच्या बाकावर बसलेले हकीम पुढे हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाले, फिफाचे पंच झाले, प्रशिक्षक झाले, ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २२ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो कलबुर्गीच्या, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याच्या, एका रुग्णालयात. वडिलांनी खेळवलं नाही म्हणून या मुलाने खेळ सोडला नाही. जन्मभर तो त्याच खेळात राहिला आणि दुसऱ्यांना खेळवत राहिला. मघाशी बाकावर बसून जो प्रश्न मनात आला होता, त्याचं उत्तर असलंच तर हकीमांच्या या पुढच्या आयुष्यात शोधा.

आता शेवटचा भाग. एखादं गाव आपल्या माणसाला आठवतं म्हणजे काय करतं? पुतळा उभारतं, चौकाला नाव देतं, पुण्यतिथीला हार घालतं. त्यात वाईट काही नाही, आपल्या गावात १०८ फुटांची बसवण्णांची मूर्ती आहे आणि ती दूरवरून दिसते तेव्हा बरंच वाटतं. पण मास्तराला नुसता हार घालून भागत नाही. त्याने दिलेलं आपल्याजवळ राहिलं तर ते तिथंच संपतं.

म्हणून त्याच्या स्पर्धेचा नियम एक दिवस स्वतःला लावून बघा. सकाळपासून रात्रीपर्यंत जे तुमच्याकडे येईल ते थांबवा आणि द्या. कामाची बातमी कळली, ज्याला गरज आहे त्याला सांगा. कचेरीत शाबासकी मिळाली, ज्याने फाईल तयार केली त्याचं नाव तिथल्या तिथं घ्या. हातात एखादं कसब आहे, मोटार दुरुस्तीचं, शिवणाचं, हिशोबाचं, तर शेजारच्या पोराला बोलावून एक गोष्ट दाखवा, आणि तो चुकला की आवाज न चढवता पुन्हा दाखवा. चेंडू देण्याआधी मान वर करून बघावं लागतं की कोण कुठं उभा आहे. दिवसभर एवढीच सवय लावून घ्यायची आहे.

तुमच्याकडे जे आहे ते ज्याला द्यायचं, त्याचं नाव आत्ताच ठरवा, उठायच्या आधी. बघू उद्या म्हटलं की चेंडू पायातच राहतो.